शिमग्यापासून मृगापर्यंत : परतीच्या स्थलांतराच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाराष्ट्रात पक्षी पाहण्याचे वर्ष नोव्हेंबरात सुरू होते आणि फेब्रुवारीत संपते. राज्य शासनाचा पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी, सुरू होऊन १२ नोव्हेंबरला, डॉ. सलीम अलींच्या जन्मदिनी, संपतो. आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. शाळा-महाविद्यालयांच्या सहली दिवाळीनंतरच्या थंडीत निघतात. मार्चमध्ये परीक्षा येतात, ऊन तापते आणि दुर्बिणी कपाटात जातात. पाहुणे गेले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांतले बरेच अजून इथेच असतात आणि निघायची तयारी करत असतात. पक्ष्यांच्या वर्षात पाहण्याजोगे जे काही आहे त्यातले निम्मे या तयारीत आहे, असे माझे मत आहे. आपल्याकडे ते पाहायला फारसे कुणी जात नाही.

या विषयात नव्याने येऊ पाहणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना आहे. इथे यायला पक्षिशास्त्राची पदवी लागत नाही, महागडा कॅमेराही लागत नाही. साधी आठपट दुर्बीण, एक वही, आणि घरापासून सायकलवर गाठता येईल असे एखादे तळे, माळ किंवा खाडीचा काठ एवढे पुरते. अट एकच, आणि ती वाटते तितकी सोपी नाही : शिमगा झाल्यावरही तिथे जात राहायचे, थेट मृगाचा पाऊस पडेपर्यंत.

स्थलांतराच्या अभ्यासाची परंपरा उत्तरेकडच्या देशांत घडली, आणि तिच्यात वसंताला पहिल्यापासून मानाचे स्थान आहे. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा नोंदवायला सुरुवात केली : पहिली पाकोळी कधी दिसली, पहिला कोकीळ कधी ओरडला, कोणत्या झाडाला पालवी कधी फुटली. त्याच्या घराण्याने पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते काम चालवले. पक्षी हिवाळ्यात चिखलात झोपतात की दूरदेशी जातात, याचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. १८२२ मध्ये उत्तर जर्मनीत क्ल्यूट्झजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकी लाकडाचा भाला आरपार घुसलेला होता आणि तो भाला घेऊनच करकोचा परतला होता. रोस्टॉक विद्यापीठाच्या संग्रहात तो आजही पाहायला मिळतो. १८९९ मध्ये डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सनने मैनांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली कडी घातली, आणि तिथून अंदाजाची जागा पुराव्याने घेतली.

आजही त्या देशांत पक्षिनिरीक्षणाचा सण मे महिन्यात असतो. ईरी सरोवराच्या कॅनडाकडच्या काठावर पॉइंट पिली आणि अमेरिकेकडच्या काठावर मॅगी मार्श ही दोन ठिकाणे मेच्या पहिल्या पंधरवड्यात माणसांनी फुलून जातात. मुठीत मावतील एवढे रंगीबेरंगी वॉर्बलर रात्रभर उडून तिथे उतरतात आणि कधी कधी हाताच्या अंतरावरच्या फांदीवर किडे टिपत बसतात. टोरांटोत किंवा डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या मराठी वाचकाने हा सोहळा चुकवू नये.

पण त्या परंपरेची पुस्तके घेऊन आपण भिगवणला गेलो तर गोंधळ होतो. त्यांच्या वसंतात पक्षी येतात, आपल्या वसंतात ते जातात. आणि येणे नोंदवण्याच्या पद्धतीने जाणे नोंदवता येत नाही. या विषयातली आपली खरी अडचण ही आहे, आणि आपल्याला काही नवे सांगता येईल ती जागाही हीच.

सप्टेंबरात मैदानावर पहिला धोबी दिसला की त्या दिवशी तारीख लिहिता येते. पक्षी समोर असतो, शेपटी हलवत असतो, शंकेला जागा नसते. शेवटचा धोबी मात्र शेवटचा म्हणून कधीच दिसत नाही. समजा तो ३० मार्चला दिसला आणि ६ एप्रिलला दिसला नाही. तो ३१ मार्चच्या रात्री गेला की ५ एप्रिलच्या? की गेलाच नाही, नुसता पलीकडच्या नाल्यात उतरला होता? ३० मार्च ही ‘शेवटची नोंद’ आहे, हे कळायला ६, ८, १०, १२ एप्रिलला जाऊन काहीही न पाहता परत यावे लागते. म्हणजे प्रस्थानाची तारीख ही न दिसण्याच्या नोंदींतून काढावी लागते. आणि न दिसणे लिहून ठेवायची सवय आपल्याला नाही. हौशी निरीक्षकांच्या वह्यांत ‘आज विशेष काही नाही’ असे शेरे असतात. अभ्यासकाच्या दृष्टीने तो शेरा निरुपयोगी आहे. त्या जागी ‘सकाळी ६.३० ते ८, धोबी नाही, भिंगऱ्या ४, टिटव्या २’ असे असते, तर वीस वर्षांनी त्यावर कुणाला प्रबंध लिहिता आला असता.

गुंतागुंत इथे संपत नाही. किनाऱ्यावरचे चिखलपायी पक्षी सगळेच जात नाहीत. चिखले, टिलवे, तुतारी या कुळांतले पहिल्या वर्षाचे पक्षी, ज्यांची वीण अजून सुरू व्हायची असते, ते पुष्कळदा उन्हाळाभर इथेच राहतात. जूनमध्ये खाडीवर एखादा मळकट चिखल्या दिसला तर तो उशिरा निघालेला, न निघालेला की लवकर परतलेला? जुलैच्या अखेरीस तर पहिल्या तुतारी परत येऊही लागतात. अशा वेळी उपयोगी पडतो तो पक्ष्याच्या पिसाऱ्याचा तपशील. पूर्ण विणीच्या रंगातला पक्षी आणि फिकट, झिजलेल्या पिसांचा पक्षी यांची गणती वेगवेगळी ठेवली तर बरेच प्रश्न सुटतात. म्हणून या विषयात नुसता आकडा कधीच पुरेसा नसतो. आकड्यापुढे ‘किती रंगात’ हेही लिहावे.

रंगांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबू. हिवाळ्यात शिकलेले पक्षी मार्च-एप्रिलमध्ये ओळखू येत नाहीत, आणि नवख्याला याचा त्रास होतो तेवढाच आनंदही. मांडव्याच्या बोटीमागे फरसाणासाठी घिरट्या घालणारे कुरव जानेवारीत पांढऱ्या डोक्याचे, कानामागे एक डाग असलेले असतात. मार्चमध्ये त्यांच्या डोक्यावर गडद तपकिरी टोपी चढू लागते. हे नव्या पिसांमुळे घडते : डोक्यावरची जुनी पिसे गळतात आणि रंगीत उगवतात. काळ्या डोक्याच्या भारिटाचे तंत्र वेगळे. त्याच्या डोक्याची पिसे मुळात काळीच असतात, पण त्यांच्या टोकांना फिकट किनार असते. हिवाळाभर ती किनार झिजत जाते आणि फाल्गुन-चैत्रात आतला काळा रंग उघडा पडतो. भोरडीचा गुलाबी-काळा रंगही असाच झिजून खुलतो. एकाच आठवड्यात दोन वेगळ्या मार्गांनी सजलेले पक्षी दाखवता येतात, आणि विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकाला याहून चांगला धडा मिळणार नाही.

भोरडीला पळसमैना असेही म्हणतात, आणि पळस, पांगारा, सावर फुलली की तिचे थवे त्या झाडांवर तुटून पडतात. चोच, कपाळ परागांनी माखलेले असते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ज्वारीच्या राखणदाराला ती नकोशी असते, कारण हुरड्यापासून कापणीपर्यंत कणसांवर तिचा डोळा असतो. तिची वीण पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशांत होते, आणि तिकडे ती टोळ आणि नाकतोडे खाते म्हणून तिचे स्वागत होते. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे गेलेले असतात. भोरड्या कुठल्या झाडावर रात्रीला उतरतात आणि तो गोंगाट कोणत्या दिवसापासून थांबतो, हे गावातल्या माणसाला विनासायास सांगता येते. त्याला तारीख विचारणारा कुणी भेटलेला नसतो इतकेच.

जायची वेळ झाली हे पक्ष्याला कसे कळते? कॅनडात एडमंटनला विल्यम रोवन याने १९२० च्या दशकात जंको नावाचे छोटे पक्षी कडाक्याच्या थंडीत उघड्या पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढवला. बाहेर हिमवर्षाव चालू असताना त्यांची जननेंद्रिये वसंतात वाढावी तशी वाढली. थंडी-ऊब यांपेक्षा दिवसाची लांबी महत्त्वाची, हे त्यातून पुढे आले. पण आपल्याकडे दिवसाची लांबी बदलते ती किती? मुंबईत सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणाऱ्यांना तर तेवढाही फरक मिळत नाही. या कोड्याचे उत्तर जर्मनीच्या एबरहार्ड ग्विनर याच्या प्रयोगांत सापडले. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा न बदलणाऱ्या खोलीत ठेवलेल्या वटवट्यांनीही वेळ आली की पिसे बदलली, चरबी साठवली आणि रात्री पिंजऱ्यात फडफड सुरू केली. पक्ष्याच्या शरीरात वर्षाचे घड्याळ असते. ते थोडे मागेपुढे धावते, आणि सूर्य त्याची वेळ दरवर्षी जुळवून देतो.

या घड्याळाचा दृश्य परिणाम म्हणजे भूक. प्रवासाआधीच्या आठवड्यांत काही पाणपक्ष्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते, आणि वाढ असते ती मुख्यतः चरबीची. मार्च-एप्रिलमध्ये उजनीसारख्या जलाशयांचे पाणी उतरते. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात आणि काठावरच्या पातळ चिखलात टिलवे, तुतारी, मळगुजे दिवसभर चोची खुपसत असतात. इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. फोटोसाठी बोट अंगावर घालून थवा उडवणे हिवाळ्यातही वाईटच, पण एप्रिलमध्ये तो गुन्हा मानावा. त्या उड्डाणात जळलेली चरबी हिमालय ओलांडायला हवी असते. पट्टकदंब हंस हा प्रवास करतो हे सर्वांना ठाऊक आहे. उपग्रह-यंत्रे लावलेल्या हंसांपैकी एकाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली. पण आपल्या किनाऱ्यावरचा वीतभर चिखल्याही तिबेटच्या पठारावर विणीला जातो, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. एप्रिलमध्ये त्याच्या छातीवर नारिंगी पट्टा येतो. तो आला की हा पक्षी आता थोड्याच दिवसांचा सोबती आहे, असे समजावे.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी पंचांग जवळ ठेवावे. शिवडी, ऐरोली, उरण, आक्षी अशा कोणत्याही ठिकाणी पूर्ण ओहोटीला गेलात तर पक्षी मैलभर दूर चिखलात ठिपक्यांसारखे दिसतात, आणि ऐन भरतीला गेलात तर चिखलच नसतो. भरती चढत असताना, तिच्या आधीचे दोन तास, पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणते. वेळ काढायची कोळ्यांची रीत सोपी आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. भ्रमणध्वनीवर मिनिटांपर्यंतची कोष्टके मिळतात हे खरे, पण पाऊणपटीचा हिशेब चालता चालता होतो आणि क्वचितच फार चुकतो. एप्रिलमधल्या सकाळी ज्या दिवशी भरती नऊच्या आसपास असेल तो दिवस निवडावा. ऊन चढण्याआधी काम आटोपते आणि मागून येणारा प्रकाश पक्ष्यांच्या रंगाला न्याय देतो. बाकचोच टिलवा विटेसारखा तांबडा झालेला अशा सकाळी पाहिला, की सैबेरियातल्या तैमिरच्या हिमप्रदेशात तो कसा दिसत असेल याची कल्पना करावी लागत नाही.

रोहितांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. ते सैबेरियात जात नाहीत. पाऊस आला की त्यांतले बरेच गुजरातकडे सरकतात. उन्हाळ्याच्या अखेरीला त्यांच्या हालचाली वाढतात आणि त्या बऱ्याचदा रात्री होतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाला धडकून तीसहून अधिक रोहित मेले, तेव्हा शहराला हे कळले. कोणत्या रात्री, कोणत्या वाऱ्यावर, किती उंचीवरून थवे जातात, याच्या नोंदी असल्याखेरीज असे प्रश्न सुटणार नाहीत.

आपला वसंत केवळ निरोपाचा नाही, हेही नवख्याने ध्यानात ठेवावे. मेच्या मध्यावर कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी नवरंग येतो. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत हिवाळा काढून तो इथल्या रानांत विणीला येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. रात्रीच्या प्रवासात दमून तो कधी मुंबई-पुण्याच्या इमारतींच्या गच्चीत उतरतो, आणि लोक ‘हा कुठला पोपट’ म्हणून फोटो पाठवतात. अशा फोटोची तारीख आणि ठिकाण जपून ठेवावे.

याहून मोठा प्रवास समुद्रावरचा. २०१३ मध्ये नागालँडमध्ये उपग्रह-यंत्रे लावलेल्या अमूर ससाण्यांनी भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठली. परतताना वसंतात ते सोमालियाकडून पुन्हा समुद्र ओलांडून भारतावरून पूर्वेकडे गेले. मंगोलियातल्या ओनोन नावाच्या कोकिळाने झांबियात हिवाळा काढला आणि २०२० च्या वसंतात केनियाकडून समुद्रावरून भारतात येऊन मेअखेर मंगोलिया गाठले. या पक्ष्यांच्या पाठीशी वारा असतो. चातकही आफ्रिकेतून याच दिशेने, पावसाळी वाऱ्यांच्या आगेमागे येतो आणि सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो. म्हणजे एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत आपल्या किनाऱ्यावरून आत येणारा एक अख्खा प्रवाह आहे, आणि त्याच्याकडे पाहणारे डोळे मोजके. याउलट युरोपीय नीलपंख सप्टेंबर-ऑक्टोबरात कच्छ-गुजरातेतून जातो, वसंतात मात्र अरबस्तानाच्या बाजूने परततो. जायची वाट एक आणि यायची दुसरी असे अनेकांचे असते, म्हणून शरद ऋतूच्या नोंदींवरून वसंताचा अंदाज बांधू नये.

भारतात या विषयाचे संघटित काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केले, आणि त्याला चालना मिळाली ती एका रोगामुळे. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू सापडला. त्याचे नाते रशियातल्या एका गोचीडजन्य रोगाशी जुळत होते. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून तो आला असावा, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही, पण हजारो कडी घातली गेली आणि आपल्या हिवाळी पाहुण्यांची माहेरे नकाशावर आली. आज तेच काम सामान्य निरीक्षकांच्या याद्यांतून पुढे जाते. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा २०२३ चा अहवाल अशा सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. ९४२ जातींचा विचार करून त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी एक अशी, की लांब पल्ल्याचे स्थलांतरी पक्षी, विशेषतः किनाऱ्याचे, स्थानिक पक्ष्यांपेक्षा अधिक वेगाने घटत आहेत. ते कुठे घटतात, विणीच्या जागी, वाटेवर की आपल्या चिखलात, हे ठरवायला निघतेवेळी ते किती आणि कोणत्या अवस्थेत होते याची माहिती लागते. जानेवारीची गणना ती देऊ शकत नाही.

तेव्हा वाचकांना विनंती अशी. एक जागा निवडा, प्रसिद्ध नसली तर उत्तम. गुढीपाडव्यापासून आठवड्यातून दोनदा, त्याच वेळी, तेवढाच वेळ जा. दिसलेले सगळे लिहा, आणि गेल्या खेपेला होते पण आज नाहीत त्यांची नावेही लिहा. यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर भरता आली तर भरा, नाही तर वहीत ठेवा. गावातल्या भोई, धनगर, राखणदारांना विचारा आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्या नावाने नोंदवा. पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका, नऊनंतर उन्हात थांबू नका. पहिला पाऊस पडला की वही बंद करून चालेल.